आबा बोलले, मी लिहिलं नाही

म्युनिसिपालिटीत नोकरी केलेल्या माणसाला किस्से जमवावे लागत नाहीत. तो नुसता खुर्चीवर बसून राहिला तरी जमतात. मी तर मीटिंगचा क्लार्क. मेंबर मंडळी मोठ्या टेबलाभोवती बोलायची आणि मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून मिनिट बुकात उतरवून घ्यायचो. ठराव बुकात गेले, बाकीचं सगळं माझ्याकडं राहिलं. आता ऐकणारे भेटले की एकामागून एक निघतं.

गावाचं नाव विचारू नका. मावळातलं, लोणावळ्याच्या अलीकडचं, एवढं पुरे. काळ दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचा. वलवणच्या धरणाच्या पाण्यावर खाली खोपोलीत वीज व्हायची आणि ती मुंबईच्या गिरण्यांना जायची. आमच्याकडं मात्र रॉकेलचे कंदील!

आमचे प्रेसिडेंट म्हणजे रावसाहेब. ही सरकारनं दिलेली पदवी, पण घरची माणसंसुद्धा त्यांना रावसाहेबच म्हणायची. देखणा माणूस, इंग्रजी फाडफाड. टेकडीवर मुंबईच्या शेटलोकांचे बंगले उठले ते यांच्याच ओळखीनं. आणि त्यांच्यासमोर टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेनूआबा. गावठाणातून निवडून आलेले, भातशेती करणारे, डोक्याला तांबडा फेटा. सही करायला त्यांना अर्धं पान लागायचं.

०

आबांची पहिली मीटिंग मला चांगली आठवते. अजेंडा तेव्हा इंग्रजीत निघायचा. आबांनी कागद हातात घेतला, सरळ धरला, मग उलटा धरला, मग टेबलावर ठेवला.

"मला दोन्हीकडनं सारकाच दिसतोय," ते म्हणाले. "मराठीत द्या."

रावसाहेब हसले. "आबा, इंग्रजी येत नाही तर निवडून यायचं कशाला?"

"मला निवडून दिलं त्यांना बी येत न्हाई, रावसाहेब."

पुढच्या मीटिंगपासून अजेंडा मराठीत निघायला लागला. तो माझ्या हातचा असायचा, म्हणून आबा मला वाटेत दिसले की म्हणायचे, "शिंदे, अक्षर जरा मोटं काडत जा बाबा."

०

मग कंदिलाची गोष्ट. पुलाजवळच्या वळणावर बैलगाड्या कलंडायच्या, म्हणून तिथं एक कंदील मंजूर झाला. ठराव मीच लिहिलेला. कंदील आला, खांब आला, गवंडी आला. आणि खांब उभा राहिला तो रावसाहेबांच्या बंगल्याच्या फाटकासमोर! आबांनी विचारलं तर उत्तर मिळालं, "पुलाजवळची जमीन भुसभुशीत आहे."

महिन्याभरात त्याच वळणावर आमचा म्हातारा पोस्टमन पडला. तिन्हीसांजेची वेळ, पाय मांडीतून मोडला. आबा जवळच्याच खाचरात होते. त्यांनी बाज मागवली, चौघांच्या खांद्यावर पोस्टमनला घातलं आणि दवाखान्याकडं निघाले. दवाखान्याची वाट रावसाहेबांच्या दारावरूनच जाते. कंदिलाखाली आल्यावर आबांनी बाज खाली ठेवायला सांगितली.

पोस्टमन विव्हळत होता. रावसाहेब बाहेर आले. "अरे, याला इथं कशाला ठेवलंत?"

आबा म्हणाले, "पडला अंधारात, रावसाहेब. दिसावा तरी उजेडात."

खांब आठवड्याच्या आत पुलाजवळ गेला. तिथली भुसभुशीत जमीन एकाएकी घट्ट झाली. पोस्टमनचा पाय मात्र नीट बसला नाही. पुढं तो काठी टेकत टपाल वाटायचा आणि आबांच्या घरी पोचला की पत्र वाचूनच द्यायचा.

०

आमचे सॅनिटरी इन्स्पेक्टर रावसाहेबांच्या नात्यातले. त्यांचं काम म्हणजे गावातल्या विहिरींत दर आठवड्याला औषध टाकायचं, पाणी तपासायचं आणि रजिस्टरात शेरा मारायचा. रजिस्टर मोठं टापटीप! प्रत्येक विहिरीपुढं एकच शेरा, 'तपासली, पाणी स्वच्छ.'

एका मीटिंगला आबांनी ते रजिस्टर मागितलं. बारीक अक्षर स्वतःला वाचता येईना, म्हणून माझ्याकडं सरकवलं. "शिंदे, मारुतीच्या देवळामागल्या हिरीचं वाच."

मी वाचलं. 'तपासली, पाणी स्वच्छ.' मागचा आठवडा तेच, त्याच्या मागचा तेच, पार पावसाळ्यापर्यंत तेच.

आबांनी इन्स्पेक्टरकडं बघितलं. "साहेब, ती हीर आकाडात ढासळली. तिच्यात पानी न्हाई, नुसती दगडं हायेत. पन तुमी लिवलंय ते खोटं न्हाई. दगडं स्वच्छ हायेत, म्या बी बघून आलोय."

ठरलं, इन्स्पेक्टरला लेखी ताकीद द्यायची. ती मीच टाइप केली, मीच त्यांच्या टेबलावर नेली. त्यांनी सावकाश वाचली, पेन काढलं आणि एका शब्दाखाली रेघ मारून म्हणाले, "शिंदे, स्पेलिंग चुकलंय. परत टाइप करून आणा."

मी परत टाइप करून नेली. बाकी काही झालं नाही. त्या दिवशी हसलो होतो. आता सांगताना हसू येत नाही, कारण पुढं जे झालं ते अशाच खोट्या लिहिण्याच्या वाटेनं आलं.

०

हे आता माझं स्वतःचं. घरातसुद्धा मी फार वर्षांनी सांगितलं.

टेकडीवरच्या बंगल्यांचं सांडपाणी, संडासांसकट, एका गटारातून खाली ओढ्यात सोडलेलं होतं. गटाराला परवानगी रावसाहेबांनी दिलेली. आणि त्या ओढ्यावर खालच्या अंगाला ठाकरवाडी. वाडीचं प्यायचं पाणी तेच. वाडीवरची चिमाबाई आमच्या ऑफिसच्या पायरीवर उन्हाळ्यात करवंदं, पावसात रानभाज्या घेऊन बसायची. एकदा तिनंच आबांना सांगितलं, "आबा, पान्याला वास येतुया. पोरं पितानी नाक धरत्यात."

वैशाखातल्या मीटिंगला आबा उभे राहिले. एरवी ते बसूनच बोलायचे. म्हणाले, "ते गटार वळवा. पावसाच्या आदी वळवा. न्हाईतर वाडीत मानसं मरतील, आनि मग आपन हितं बसून काय बोलनार?"

रावसाहेब म्हणाले, "पुढच्या मीटिंगला बघू." आणि चहा आला.

मीटिंग संपल्यावर त्यांनी मला थांबवलं. आवाज चढवला नाही, दम दिला नाही. "शिंदे, ते गटाराचं बुकात घेऊ नका. उगाच शेटलोकांच्या कानावर जायचं." मग दाराशी जाऊन वळले. "तुमचं कायम करायचं पत्र माझ्या टेबलावर आहे, बरं का."

माझं नुकतंच लग्न झालं होतं. मी घरी गेलो, जेवलो, झोपलो. दुसऱ्या दिवशी बुक स्वच्छ अक्षरात उतरवलं. चहा झाला हेसुद्धा लिहिलं. आबांचं बोलणं लिहिलं नाही.

आठ दिवसांत मी कायम झालो. बायकोनं पेढे वाटले. एक पेढा आबांनीही घेतला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

०

श्रावणात वाडीत पटकी, म्हणजे कॉलरा, आली.

पहिले दोन दिवस आम्हाला कळलंच नाही. पायरीवर चिमाबाई दिसली नाही, तेव्हा मला वाटलं, पावसामुळं आली नसेल. तिसऱ्या दिवशी आबा ऑफिसात आले. चिखलानं माखलेले, फेटा काढून हातात घेतलेला. इन्स्पेक्टरच्या कपाटातल्या औषधाच्या बाटल्या काढून घोंगडीत बांधायला लागले.

इन्स्पेक्टर म्हणाले, "अहो, सही केल्याशिवाय नेता येत नाही."

आबा म्हणाले, "शिंदे, माजं नाव लिव. माजी सही व्हईपर्यंत तितं अजून एक जाईल."

मी लिहिलं. आणि त्यांच्याबरोबर गेलो. मी काही धीट माणूस नाही, पण त्या दिवशी ऑफिसात बसवेना. वाडीत आम्ही पाणी उकळत होतो, बायांना उकळायला शिकवत होतो. चिमाबाईचा नवरा आदल्या दिवशी गेला होता, दीर आमच्यासमोर गेला. ती रडत नव्हती. चुलीत लाकडं सारत मला विचारत होती, "किती उकळ्या येऊ द्यायच्या, भाऊ?"

०

साथ सरल्यावर भादव्यात प्रांतसाहेब चौकशीला आले. गोरे नव्हते, आपल्यातलेच, कमी बोलणारे. टेबलाभोवती सगळे मेंबर बसले. साहेबांनी विचारलं, "या गटाराबद्दल आधी कुणी तक्रार केली होती का?"

आबा म्हणाले, "व्हय. म्या केलती. वैशाखात."

रावसाहेब शांतपणे म्हणाले, "मिनिट बुक बघावं."

बुक साहेबांपुढं गेलं. त्यांनी वैशाखाचं पान काढलं, बोट ठेवून वाचलं. "इथं चहाची नोंद आहे. तक्रारीची नाही."

आबांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. तेच मला सोसेना. त्यांनी नुसतं बघितलं असतं तर कदाचित मी मान खाली घालून बसून राहिलो असतो. मी उठलो.

"साहेब, आबा बोलले होते. मी लिहिलं नाही."

"का?"

"लिहू नका म्हणून सांगण्यात आलं होतं."

"कुणाकडून?"

मी नाव घेतलं. एवढ्या वर्षांत रावसाहेबांचं खरं नाव त्या खोलीत पहिल्यांदा कुणी उच्चारलं असेल.

प्रांतसाहेबांनी टाक माझ्यापुढं केला. "आता लिहा. वैशाखात काय बोलले ते. आणि खाली आजची तारीख घाला."

मी उभ्यानंच लिहिलं. अक्षर इतकं वाईट आलं की आबा वाकून म्हणाले, "मोटं काडतोयस, बरं करतोयस."

०

पुढं काय झालं असं लोक विचारतात. रावसाहेबांनी प्रकृतीचं कारण देऊन राजीनामा दिला. गटार वळवलं गेलं. इन्स्पेक्टरची बदली झाली. कुठल्या गावाच्या नशिबी गेले, कोण जाणे. मला दोन महिने घरी बसवलं आणि परत घेतलं. घरी बसलो असताना आबांकडून तांदळाचं पोतं आलं. मी परत पाठवलं. ते पुन्हा आलं. या खेपेला बरोबर आबाच होते, मग ठेवून घ्यावं लागलं.

आबा पुढं आणखी दोनदा निवडून आले. प्रेसिडेंट व्हा म्हणून लोक मागं लागले, पण झाले नाहीत. म्हणाले, "त्या खुर्चीवरनं वाडी दिसत न्हाई. म्या बसून बघितलंय."

०

चौकशीच्याच दिवशी दुपारी एक गोष्ट घडली, ती मात्र कुठल्याच रिपोर्टात नाही.

प्रांतसाहेब म्हणाले, जागा बघायची. सगळे निघालो. साहेब पुढं, मग आबा, मी, आणि मागं रावसाहेब. त्यांनी आलं पाहिजे असं कुणी म्हटलं नव्हतं. ते आपणहून आले. भादव्याचं ऊन, पायवाट निसरडी, अंगावर कोट. वाडीत पोचलो तेव्हा त्यांना धाप लागली होती. समोर दिसेल त्या ओट्यावर ते बसले. घर कुणाचं ते त्यांना ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं.

"पाणी..." ते म्हणाले.

चिमाबाई दारात आली. तिनं त्यांच्याकडं नीट बघितलं. कोण बसलंय ते तिला कळलं होतं, मी पैजेवर सांगतो. ती आत गेली. जरा वेळ लागला. आबा माझ्याकडं बघत होते, मी जमिनीकडं. मग ती तांब्या घेऊन बाहेर आली आणि त्यांच्यापुढं धरला.

रावसाहेबांनी तांब्या घेतला. तोंडाला लावला नाही. आत बघत राहिले. प्रांतसाहेब ओढ्याकडं चालले होते, तेही थांबले.

चिमाबाई म्हणाली, "प्या, रावसाहेब. उकळून गार केल्यालं हाय. आमाला आदी म्हाईत नव्हतं. तुमाला तसलं कसं दिऊ?"

रावसाहेबांनी तांब्या वर उचलला. पाणी कोटावर सांडलं, गुडघ्यावर सांडलं, तांब्या हातातून ओट्यावर पडला आणि घरंगळत अंगणात गेला.

चिमाबाईनं तो उचलला, पदरानं पुसला.

"असू द्या," ती म्हणाली. "दुसरं आनते."