घडीमागचा रकाना

धाकट्याच्या उजव्या हाताची दोन बोटं सरळ होत नाहीत. कुणी विचारलं तर मशीनमध्ये गेली म्हणून सांगतो. ती मशीन म्हणजे मी.

तेव्हा मी सदुसष्ट वर्षांची कोवळी पोर होते. तरुण रक्त, अंगात मस्ती. कुर्ल्याच्या कारखान्यात तीस वर्षं हिशेब लिहून रिटायर झालेली, त्यामुळे जगातला कुठलाही कागद आपल्यापुढे नांगी टाकतो, असा माझा समज. आता पंचाहत्तरीत ती बाई आठवली की वाटतं, हिला कुणी वेळेवर दोन थोबाडीत द्यायला हव्या होत्या.

माझ्या दोन मुलांचा मुलुंडला कॅरम बोर्ड बनवायचा गाळा होता. मोठा ऑर्डरी घ्यायचा, धाकटा बोर्ड पॅक करून पाठवायचा. परदेशातली काही गिऱ्हाइकं क्रिप्टोत, म्हणजे इंटरनेटवरच्या नाण्यांत, पैसे द्यायची. बिल निघालं की पंधरा मिनिटांत पैसे भरायचे, ते जमा झाले की धाकट्याच्या फोनवर मेसेज, मग माल बाहेर. महिनाअखेर सगळ्या बिलांची रुंद यादी कॉम्प्युटरमधून निघायची. ती तपासायला अर्थात मी.

त्या यादीत बिलांच्या अवस्था तरी किती! पेड म्हणजे पैसे दिसले, पण अजून पक्के नाहीत. कन्फर्म्ड म्हणजे बरेचसे पक्के. कम्प्लीट म्हणजे एकदाचे पक्के. आमच्या कारखान्यात दोनच अवस्था होत्या, आले आणि नाही आले. एक्स्पायर्ड म्हणजे औषधाच्या बाटलीसारखं मेलेलं बिल, हे मी कुणालाही न विचारता ठरवून टाकलं.

आणि कागद दुमडला. कारखान्यात आम्ही सगळ्या बायका असंच करायचो. नको असलेले रकाने पाठीमागे गेले की नजर घसरत नाही. घडीवर नखाने करकरून रेघ ओढायची, वर टाचणी.

अकरा बिलं एक्स्पायर्ड निघाली. अकराच्या अकरा बोर्ड मात्र कुरियरने गेलेले, पावत्यांसकट. माल कोण काढतं? धाकटा. मी लाल पेन्सिलीने अकरा फुल्या मारल्या, त्याचं नाव खाली लिहिलं आणि भर दुपारी गाळ्यात जाऊन कागद मोठ्याच्या हातात ठेवला. याने परस्पर पैसे खाल्लेत, म्हणाले.

धाकटा हसला. पैसे आलेत, मी स्वतः बघितलंय, म्हणाला. त्या नाण्यांचा भाव रोज खालीवर व्हायचा, त्यामुळे एकूण बेरजेवर आमच्यात कुणाचाच भरवसा नव्हता. मग तो म्हणाला, "आई, तुला यातलं कळत नाही गं."

पहिला हात माझाच उठला. थप्पड अशी बसली की त्याच्या चष्म्याची काडी तुटून गालात घुसली. मोठ्याला तेवढंच हवं होतं. त्याने बोर्डाच्या कडेची पट्टी उचलून धाकट्याच्या पाठीत घातली, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा पट्टी मोडली. धाकट्याने त्याला पावडरच्या गोणीवर लोळवलं. सगळा गाळा पांढरा झाला आणि त्या पांढऱ्यात मोठ्याचा पुढचा दात आणि तोंडाचं रक्त. धाकट्याचा डावा हात भावाच्या गळ्यावर, उजवा आधाराला बोर्डाच्या काठावर. मोठ्याचे डोळे वर गेले.

मी लाकडी हातोडा उचलला. सोडवायला म्हणून, असं पुढे वर्षभर सगळ्यांना सांगितलं. खरं सांगते, मी चोराला मारत होते. गळ्यावरच्या हाताला धक्कासुद्धा नाही लावला, काठावरच्या बोटांवर घाव घातला. सुपारी फुटावी तसा आवाज आला.

धाकट्याची बायको डबा घेऊन दारात उभी होती. हात पोटाशी धरून तिच्या नवऱ्याने मला एवढंच सांगितलं, "कागद उलगड."

माझ्या हातात अजून हातोडाच होता. जमिनीवर पडलेला कागद उचलून टाचणी सुनेनेच काढली. घडीमागे आणखी एक रकाना होता. अकराही ओळींत तिथे लिहिलेलं, पेड लेट. गिऱ्हाइकांनी पंधरा मिनिटं उलटल्यावर पैसे भरले होते. बिल मेलं, पैसे मात्र पूर्ण आले. सुनेने ते मोठ्याने वाचलं, अकरा वेळा. एक ओळही गाळली नाही. मोठा जमिनीवर बसून दात शोधत होता.

धाकटा बोरिवलीला गेला, तिथे त्याने स्वतःचा गाळा काढला. दोन वर्षं माझ्या हातचं पाणी प्यायला नाही. मग एका महिनाअखेरीला आपल्या गाळ्याची यादी घेऊन आला. मी म्हटलं, मला यातलं कळत नाही रे. कागद कॅरम बोर्डावर पसरून त्याने चारही कोपरे चिकटपट्टीने घट्ट डकवले.

तेव्हापासून दर महिन्याला येतो. मी शेवटच्या रकान्यापर्यंत मोठ्याने वाचते आणि तो वाकडं बोट ओळीखाली सरकवत राहतो. एखादा रकाना सुटला की बोट तिथेच थांबतं.