काकूने लिहिलेली एक ओळ

आमची काकू रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायची. बंद पडलेल्या वस्तूवर ती डाफरली की वस्तू मुकाट सुरू व्हायची. काकांवर मात्र ही मात्रा चालेना. जन्मभर दारोदार विजेच्या मीटरचे आकडे टिपलेला हा माणूस आता घराबाहेर पडला की परतीची वाट विसरायचा. दोनदा परक्या माणसांनी आणून सोडलं. तिसऱ्यांदा कोण आणणार, या धास्तीने काकूची झोप उडाली होती.

म्हणून जेवणाच्या टेबलावर तिने पसारा मांडला. छोट्या कंट्रोलरवर जीपीएसचा आणि सिमकार्डाचा बोर्ड चढवायचा आणि सगळं काकांच्या कोटाच्या अस्तरात शिवायचं. मग दर दहा मिनिटांनी त्यांचा ठावठिकाणा तिच्या फोनवर येणार होता.

पिना सोल्डर करताना कथील दोनदा भलत्याच पिनेवर पडलं. "चष्मा बदल," मी म्हणालो.

"तू तुझं काम बघ."

आधीची बॅटरी लेचीपेची निघाली. मेसेज पाठवताना बोर्ड मान टाकायचा. तिने मोठी बसवली. शेवटी प्रोग्राममध्ये एक ओळ घातली: उपग्रह सापडले नाहीत, तर आधीचीच जागा पाठव. कोरा मेसेज आला की ती हातातलं काम टाकून काकांना बघायला धावायची, म्हणून.

मंगळवारी ती आपल्या दुरुस्तीच्या दुकानात होती आणि मी आंघोळीला गेलो. बाहेर आलो तर काकाही नाहीत आणि कोटही नाही. घाबरून तिला फोन केला.

"अरे, घरीच तर दाखवतंय!"

"काकू, पलंगाखालीसुद्धा पाहिलं."

ती धापा टाकत आली. आम्ही गल्ल्या पालथ्या घातल्या. तासाभरात सहा मेसेज आले, सहाही घरचेच. सातवा आला तशी ती रस्त्यातच थांबली.

"मेली माझीच ओळ! छताखाली उपग्रह सापडत नाहीत, म्हणून जुनीच जागा येतेय. उघड्यावर गेले असते तर नवी जागा आली असती. ते इमारतीतून बाहेर पडलेच नाहीत."

जिन्याखालच्या मीटरच्या खोलीत काका उभे होते, एकेका आकड्यावर बोट ठेवत. काकूला पाहून ते अदबीने बाजूला सरकले.

"बाई, तीन नंबरचा आकडा फार चढलाय. रात्ररात्र दिवा जळतो वाटतं. कुणी आजारी आहे का हो त्या घरात?"

तीन नंबर आमचंच घर. काकूला रडू फुटलं. तिने त्यांच्या कोटाची बाही घट्ट धरली.

"हो," ती म्हणाली. "चला ना, भेटून या."