लाल रेघ

आमच्या वॉटर्लू शहराजवळच्या छोट्या विमानतळावर मी दर शनिवारी विमानं बघायला जायचो. तिथल्या हँगरमध्ये एक म्हातारा मेकॅनिक दुसऱ्या महायुद्धातलं एक लढाऊ विमान शर्यतीसाठी तयार करत होता. वेग वाढावा म्हणून त्याने दोन्ही पंखांची टोकं हात-हातभर कापली होती. नट आवळला की तो बारीक ब्रशने नटावरून खालच्या पत्र्यापर्यंत लाल रेघ ओढायचा. नट जरा जरी फिरला, तर रेघ तुटलेली दिसणार.

विमान सरावाला उडालं की तो धावपट्टीकडे पाठ करून नुसता ऐकत उभा राहायचा. इंजिनाचा आवाज किंचित बदलला की हातातलं फडकं पिळायचा. विमान उतरलं की आधी सगळ्या रेघांवरून बोट फिरवायचा, मगच आतून उतरणाऱ्या वैमानिक मुलीकडे बघायचा. ती त्याची लेक आहे, हे मला फार उशिरा कळलं.

मी एकदा विचारलं, “एवढ्या रेघा ओढता, मग घाबरता कशाला?”

“रेघ फक्त नटाचं सांगते,” तो म्हणाला. “पंख मी कापलेत.”

त्याच हिवाळ्यात माझ्या मुलीला लायसन्स मिळालं आणि ती पहिल्यांदाच एकटी गाडी घेऊन बर्फात निघाली. विंटर टायर्स मीच बसवले होते, प्रत्येक नटावर लाल रेघही ओढली होती.

“बाय, बाबा!” ती ओरडली.

मी घरापुढच्या ड्राइव्हवेकडे पाठ करून उभा होतो.