गल्लीतले फौजी काका

“फौजी मानूस. मायेनं बोलनं त्याइले कदी जमलंच नाई,” काकांच्या तेरवीच्या जेवणानंतर शेजारच्या काकू म्हणाल्या. अकोल्याहून आलेली त्यांची मुलगी खाली बघत बसली.

काका माझ्याशी बोलत ते फक्त गाडीबद्दल. सैन्यातून निवृत्त झाल्यावर अमरावतीच्या आमच्या गल्लीतल्या दुचाक्या एका रेषेत लावून घ्यायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं. “तिरपी काहून लावली वो?” मी गाडी सरळ करेपर्यंत ते उभे राहत. काकूंनी केलेला चहाही ते उभ्यानंच पीत, कप विसळून ठेवत आणि “ठीक होता” म्हणत. काकूंना तेवढं पुरायचं.

मुलीला पुरलं नसावं. “मी अकोल्याला निघाले की बाबा लगेच आत जायचे,” ती म्हणाली. “कधी हातसुद्धा हलवला नाही.”

पाहुणे पुन्हा काकांच्या शिस्तीबद्दल बोलू लागले. चारचौघांत मी सहसा तोंड उघडत नाही.

“ताई,” मी म्हणाले, “तुम्ही निघालात की काका मागच्या दारानं आमच्या गच्चीवर यायचे. टाकी बघतो म्हणायचे. आणि टाकीकडे पाठ करून, तुमची गाडी मेन रोडला वळेपर्यंत उभे राहायचे.”