शेवटच्या रिळातलं गाणं

आमचा मामा सिनेमा थिएटरात ऑपरेटर. मशीनच्या खोलीतल्या भोकातून त्याला पडदा दिसायचा, पण त्याची नजर सदा मशीनवर. पडद्यावर कोण मेलं, कोण जगलं, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. फिल्म तुटली नाही की सिनेमा चांगला.

मामीचं उलट. लग्नापासून प्रत्येक सिनेमाचा पहिला खेळ तिचा, मागच्या रांगेत. मग जेवताना निकाल लागायचा. मामा मुद्दाम फाटे फोडायचा आणि मामी पेटायची. खरं सांगते, त्या दोघांचा संसार या भांडणावरच चालला होता. मी त्यांच्याकडे शिकायला होते, म्हणून पाहिलंय.

मग तो गाण्यांचा गुप्तहेरपट आला. धुकं, क्लब, तिथली गायिका आणि पियानो वाजवणारा एक मुखदुर्बळ माणूस. क्लबच्या मालकाचा खून होतो. शेवटी गुप्तहेर पियानोचं झाकण उघडतो, आत पिस्तूल सापडतं, वादकाला बेड्या. खेळ खलास.

मामीचा घास हातातच राहिला. "गोळी सुटली तेव्हा तो सगळ्यांसमोर वाजवत बसला होता. मग मारलं कधी त्यानं?"

मामानं जुळा भाऊ काढून पाहिला. मग दुसरा पियानो. मामीनं दोन्ही उडवून लावले आणि सांगितलं, याचं उत्तर मिळेपर्यंत ती थिएटरची पायरी चढणार नाही. ताटावर दोघं गप्प बसू लागली. मला ते घर खायला उठायचं. मामाचंही चित्त थाऱ्यावर नव्हतं, एकदा त्यानं रीळ उलटं लावून गायिकेला डोक्यावर उभं केलं.

उत्तर त्याच्याच खोलीत खिळ्याला टांगलेलं होतं. दोन खेळांच्या मध्ये झाडायला वेळ मिळावा म्हणून थिएटरचा मालक शेवटच्या रिळातलं गाणं कापायला लावायचा. गाण्यात काय असतं, असं म्हणत मामा ते न बघताच कापायचा, खिळ्याला टांगायचा आणि फिल्म परत पाठवताना जागच्या जागी चिकटवून द्यायचा. मामीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

शेवटी एका सकाळी त्या खिळ्याकडे बघून त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यानं गाणं जोडलं, मामीची मनधरणी करून तिला आणलं आणि रिकाम्या थिएटरात आम्हा दोघींसाठी रीळ चालवलं. स्वतः भोकाला डोळा लावून बसला.

गाता गाता गायिका पिस्तूल पियानोत टाकते. वादकाला दिसतं. तो झाकण लावतो आणि वाजवत राहतो.

मामा जिना उतरून आला तो हसतच, कोडं सुटलं म्हणून. मामी हसली नाही.

"कापलं होतं हे?"

मामानं होकारार्थी मान हलवली.

"प्रत्येक सिनेमातलं?"

"शेवटच्या रिळातलं. लग्नाच्या आधीपासून."

मामी पांढऱ्या पडद्याकडे वळली. मग म्हणाली, "त्या जुन्या सिनेमातला, बायकोला स्टेशनवर सोडून गेलेला नवरा. त्याला मी इतकी वर्षं शिव्या घालतेय. तो का गेला होता?"

मामा तिच्या शेजारच्या खुर्चीत बसला.

"कुणास ठाऊक," तो म्हणाला. "मीसुद्धा कुठे पाहिलंय?"