तळाशी बदरपूर

माझा धाकटा भाऊ जानेवारीत गेला. चादरी-गालिचांचा त्याचा व्यवसाय होता आणि आठवड्यातून एकदा तो नोएडाहून पानिपतला जायचा. निघताना मला फोन करून "पानिपतावर निघालो" म्हणायचा; दिल्लीतल्या मराठी घरांत हा विनोद पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. एका सकाळी हायवेवर दाट धुकं होतं. पुढे बंद पडलेला ट्रक त्याला दिसला नाही. त्यानंतर आमच्याकडे त्या गावाचं नाव कुणी काढत नाही.

जे करायचं होतं ते सगळं मी केलं. कागदांवर सह्या केल्या, नातेवाइकांना स्टेशनवरून आणलं, परत सोडलं. लोक म्हणाले, मोठ्या भावाने धीर धरला. धीर वगैरे काही नव्हता. दाढेला भूल दिल्यावर गाल आपला वाटत नाही, तसं काहीसं होतं.

तेरावं झाल्यावर भावजय आणि पुतणी काही दिवस आमच्या लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये राहायला आल्या. पुतणी नववीत होती. तिने कपड्यांच्या बॅगेआधी भावाची काचेची टाकी गाडीत ठेवली. टाकीत त्याने कोळंबी पाळली होती. खायची नव्हे, गोड्या पाण्यातली, नखाएवढी, अंगावर लाल-पांढरे पट्टे असलेली. अर्धं पाणी काढून टाकी तिने मांडीवर घेतली आणि वाटेत एकदाही खिडकीबाहेर पाहिलं नाही. तरी प्रवासात तळाची काळी माती ढवळली गेलीच. आमच्या हॉलमध्ये पोहोचेपर्यंत पाण्याचा चिखल झाला होता.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेल्यावर मी ती टाकी साफ केली. कुणी सांगितलं नव्हतं. भावजय आतल्या खोलीत पडून होती, ऑफिसला माझी रजा होती, आणि समोर घाण पाणी होतं. कोळंब्या बादलीत काढल्या, काळी माती बाहेर तुळशीच्या कुंडीत ओतली. आमच्या कुंड्यांवर शोभेसाठी पांढरे खडे पसरलेले होते, ते धुऊन तळाशी घातले. वरून नळाचं पाणी भरलं. टाकी लख्ख दिसायला लागली.

पुतणी घरी आली आणि टाकीकडे बघत दप्तर न उतरवता खाली बसली. तिसऱ्या दिवसापर्यंत सगळ्या कोळंब्या मेल्या. मेल्यावर त्यांचा रंग शिजवल्यासारखा गुलाबी होतो, हे मला तेव्हा कळलं.

त्या संध्याकाळी तिने स्वयंपाकघरातून वाटीभर व्हिनेगर आणलं आणि त्यात एक पांढरा खडा टाकला. खड्याभोवती बारीक बुडबुडे उठायला लागले.

"काका, हा संगमरवर आहे," ती म्हणाली. "हळूहळू पाण्यात उतरतो. पाणी जड होतं. ती काळी माती पाणी हलकं ठेवायची. आणि बाबा नळाचं पाणी कधीच घालायचे नाहीत."

मी म्हणालो, "मला वाटलं, घाण आहे."

"माहितेय," ती म्हणाली आणि वाटी विसळून जागेवर ठेवली.

ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं आज वाटतं. तेव्हा तेही वाटलं नव्हतं. रविवारी मी तिला माशांच्या दुकानात घेऊन गेलो. तशीच काळी माती घेऊ, तशाच कोळंब्या आणू, एवढंच माझ्या डोक्यात होतं. दुकानदाराने मातीची पिशवी काढून समोर ठेवली. तिने ती उलटसुलट करून वाचली आणि परत सरकवली. मला हळूच मराठीत म्हणाली, ही माती वर्षा-दीड वर्षात संपते, मग सगळं बदलावं लागतं, पाणी रोज मोजावं लागतं. "ते बाबांनाच जमायचं. मला नको." दुकानदाराने निळे, हिरवे रंगवलेले खडे दाखवले. त्यांचा रंग सुटतो, असं तिने त्याला हिंदीत तोंडावर सांगितलं. आम्ही रिकाम्या हातांनी बाहेर पडलो.

आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर बांधकाम चालू होतं. रस्त्यालगत बदरपूरचा ढीग होता. बदरपूर म्हणजे दिल्लीतले गवंडी वापरतात ती लालसर, जाड रेती. पुतणी तिथे थांबली. चौकीदाराला विचारून तिने रुमालात मूठभर रेती घेतली, घरी येऊन व्हिनेगरमध्ये टाकली आणि बराच वेळ वाटीत बघत राहिली. एकही बुडबुडा आला नाही.

"चलेगा," ती म्हणाली. "साध्या लाल श्रिंपना आपलं पाणी चालतं. फक्त एक दिवस बादलीत भरून ठेवायचं."

"पण लाल रेतीवर लाल कोळंबी दिसणार कशी?"

"नाही दिसल्या तरी चालेल, काका. असल्या म्हणजे झालं."

मी बादलीभर बदरपूर मागून आणलं. बाथरूममध्ये बसून आम्ही दोघांनी ते धुतलं. एक पाणी, दुसरं पाणी. नवव्या-दहाव्या पाण्यालाही तांबडा गढूळपणा जाईना. फेब्रुवारीचं पाणी, बोटं ठणकायला लागली. मी हात बाहेर काढून बगलेत धरले. तिने विचारलं, दुखतंय का? मी हो म्हणालो. कितीतरी दिवसांनी कुठेतरी दुखत होतं. तिने माझ्यापुढचं घमेलं ओढून घेतलं आणि उरलेली रेती एकटीने धुतली.

महिनाभर टाकीत नुसतं पाणी आणि शेवाळाचा एक गोळा होता. मग तिने लाल कोळंब्या आणल्या. सोडल्याबरोबर त्या रेतीत हरवल्या.

परीक्षा संपल्यावर दोघी नोएडाला परत गेल्या. टाकी इथेच राहू दे, असं पुतणी म्हणाली. तिकडे आईला ती बघवत नाही. आता दर रविवारी ती मेट्रोने येते. मी पाणी आदल्या दिवशी भरून ठेवलेलं असतं. ती शेवाळ कापते, आमच्याबरोबर जेवते, शाळेतलं काहीबाही सांगते. आम्ही भावाबद्दल बोलत नाही. पाच वाजता मी तिला स्टेशनवर सोडतो आणि ती आत गेली की घरी येतो.