ईस्टरचं लॅटिन गाणं

इथे आखातात, फरीज बिन ओमरान वस्तीत, आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये वसईच्या एक मावशी राहतात. पेशाने नर्स, पण जीव सगळा चर्चच्या गायनात. दर ईस्टरला त्या चर्चमधल्या मुलींकडून एक लॅटिन गाणं बसवून घेतात. हजारेक वर्षांपूर्वीचं, वाद्य नाही, ताल नाही, सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं.

त्या वर्षी ईस्टरच्या महिनाभर आधी मावशींचं थायरॉइडचं ऑपरेशन झालं आणि आवाज बसला. नुसती कुजबुज उरली. एका संध्याकाळी त्या दारात उभ्या, हातात वडिलांची जुनी वही.

"तू नाशिकला गाणं शिकलीस ना? मी दाखवते, तू म्हण. फोनवर रेकॉर्ड करून मुलींना पाठवू."

"मावशी, मला लॅटिनमधलं ओ की ठो कळत नाही."

"लहानपणी मला तरी कुठे कळायचं?"

वहीत चारच रेघा, त्यांवर चौकोनी ठिपके. मावशी ते बघून माझ्या पेटीवर एकेक पट्टी दाबायच्या, मी सारेगम लिहून घ्यायची. सूर काफी रागाचे निघाले, तेव्हा मला वाटलं, सोपं आहे. पण गळ्याची सवय जाईना. प्रत्येक ओळीत मुरकी यायचीच. मावशी हात वर करायच्या.

"खलास! दागिने उतरव आधी."

आठवडाभर असं चाललं. शेवटी एकदाचं साधं, सरळ गायले, तेव्हा त्यांनी डोळे मिटले.

"बाबा असंच म्हणायचे," त्या पुटपुटल्या.

ईस्टरचा रविवार म्हणजे इथे कामाचा दिवस. ऑफिसातून थेट चर्चला गेले आणि शेवटच्या बाकावर बसले. पुढे मावशी हाताने खुणा करत होत्या. दुसऱ्या ओळीत दोघीजणी घाईने पुढे गेल्या, बाकीच्या मागे राहिल्या, सगळंच विस्कटलं. मावशींनी तोंड उघडलं. आवाज आला नाही. मी कधी गायला लागले, मलाच कळलं नाही. समोरच्या बाकावरची फिलिपिनो बाई वळून बघायला लागली. मला मात्र थांबवेना. हळूहळू मुलींनी सूर धरला आणि गाणं शेवटपर्यंत एकसंध गेलं.

 बाहेर पार्किंगमध्ये मावशी माझा हात धरून गाडीपर्यंत चालत आल्या.

उन्हाळ्यात त्यांचा आवाज परतला, थोडा घोगरा होऊन. पुढच्या ईस्टरला त्यांनी मला विचारलंसुद्धा नाही. गायनाच्या ग्रुपमध्ये सरळ माझा नंबर घातला.